दुरुस्तीतला दुसरा उकार

"बंद करून टाक ते. कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिकडे."

"बाबा, असं एकदम कोणी बंद करतं का?"

"एकदम कुठे? कधीचा बघतोय मी. एक प्रश्न नाही, एक फोटो नाही. पूर्वी निदान शिव्या तरी द्यायचे लोक. आता तेवढंही नाही."

"थोडं थांबू या ना."

"थांबून काय होणार? जुनं मशीन बिघडलं की लोक फेकून देतात आणि नवं आणतात. दुरुस्ती कोणाला हवीय? संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी तो ब्लॉग काढून टाकायचा. आणि मला परत विचारायचं नाही."

कोणी फिरकत नाही, हे साफ खोटं होतं. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. पण लोक फिरकत होते. रोज फिरकत होते. सगळेच्या सगळे येऊन मला धडकत होते आणि कपाळ चोळत परत जात होते. मी बघत होतो. पण बोलणार कसा? मला आयुष्यात एकच वाक्य बोलता येतं.

मित्रांनो, मी एक जुना एरर आहे. चारशेचार नंबरचा. तुम्ही मला पाहिलंय, नाही म्हणू नका. लिंकवर बोट ठेवलं, हवं होतं ते आलं नाही आणि त्याच्या जागी "पान सापडलं नाही" असं आलं, तो मी. तुम्ही "च्च" केलंत आणि गेलात. ज्याच्या स्क्रीनवर मी उगवतो त्याचं तोंड मला समोरून दिसतं. इतकी वाकडी तोंडं दंतवैद्यानेही पाहिली नसतील.

हे सगळं घडलं ते दुकानही मला दिसतं, कारण तिथल्या कॉम्प्युटरवर माझा एक टॅब कायम उघडा असतो. ताईने फार पूर्वी मला तपासायला म्हणून काहीतरी अगडबगड पत्ता टाकला, मी आलो, आणि मग मला बंद करायचं तिच्याकडून राहूनच गेलं. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यात पडून आहे. घरात एखादा पाहुणा येतो, परत जात नाही, मग त्याला कोणी विचारतही नाही, तसा.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. अरुंद आणि लांब. फळीवर मशिनांची नुसती डोकी ओळीने ठेवलेली, खाली पायडलं, पट्टे, तेलाच्या चोचवाल्या कुप्या. काकांचं बाक खिडकीजवळ. सगळ्या गल्लीत त्यांना मशीनवाले काका म्हणतात. पूर्वी ते डोळे मिटून मशीन उघडायचे आणि डोळे मिटूनच बंद करायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं की हे आता असंच राहायचं. एकदा स्क्रू ड्रायव्हर खाचेतून घसरला आणि कोणाच्या तरी आईच्या मशीनवर ओरखडा गेला. गिऱ्हाईकाने नुसतं बोट फिरवलं ओरखड्यावरून. त्या दिवसापासून काका बाकावर बसायचे, पण हत्यार उचलायचे नाहीत.

ताई त्यांची लेक. सकाळी औषधांच्या दुकानात काम करते आणि दुपारी इथे येते. ती म्हणाली, "बाबा, हात बिघडलेत, तोंड कुठे बिघडलंय? तुम्ही बोला, मी लिहिते." असा तो ब्लॉग सुरू झाला. काका बोलायचे, ताई टाइप करायची, आणि फोटो काढायच्या काकू, म्हणजे ताईची आई. काकूंच्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. ताईने कितीदा सांगितलं, तरी यायचाच. शेवटी लोक त्याला अंगठ्याचा ब्लॉग म्हणायला लागले. काकूंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "खरं दुकान कोणतं ते कळतं ना, मग झालं."

लोक विचारायचे, सुई सारखी मोडते, काय करू? खालचा धागा गुंततो, काय करू? काका म्हणायचे, "आवाज पाठवा." लोक मशीन चालवून त्याचा आवाज पाठवायचे. काका तो मोबाइल कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून ऐकायचे आणि सांगायचे, "सुई उलटी बसवलीय," किंवा "तेल घालून किती वर्षं झाली, खरं सांगा." हात थरथरत होते, कान थरथरत नव्हते. एकदा एका माणसाने आवाज पाठवला तर काका म्हणाले, "मशीन ठीक आहे. मागे पंखा वाजतोय, तो दुरुस्त करून घ्या." ते दिवस चांगले होते. काकांसाठी आणि माझ्यासाठीही.

माझ्यासाठी का, तर ताईने मला स्वतःचं वाक्य दिलं होतं. इतर ब्लॉगवरचे माझे भाऊबंद बघा, नुसते फळ्यासारखे उभे असतात. ताईने मात्र मला लिहून दिलं: "हे पान सापडलं नाही, पण काका सापडतील. दुकानातच आहेत, हाक मारा." खाली फोन नंबर आणि काकूंचा अंगठावाला फोटो. लोक मला धडकायचे आणि हसायचे. मघाशी वाकड्या तोंडांचं सांगितलं ना, ती काही वर्षं तेवढी सोडून द्या.

आमच्या घरातले बाकीचेही तुम्हाला सांगतो, कारण कधी ना कधी तुमची गाठ पडणारच. थोरला पाचशे नंबरचा. तो आला की समजायचं आत काहीतरी कोसळलंय, पण काय ते तो मेला तरी सांगणार नाही. मग नवं काय काय जोडलं होतं ते एकेक करून काढून बघावं लागतं. चारशेतीन म्हणजे दारावरचा रखवालदार. पान आत असतं, पण तो म्हणतो परवानगी नाही. एक चुलत भाऊ आहे, तो बोलतच नाही, नुसता पांढराफटक पडतो. आणि कॅशे नावाची एक लांबची आत्या आहे. ती एरर नाही, पण भांडणं तिच्यामुळेच जास्त. तुम्ही पान बदललं तरी ती लोकांना जुनीच बातमी सांगत बसते. तिला मधूनमधून रिकामं करावं लागतं.

मी या सगळ्यांत साधा. माझं म्हणणं एवढंच असतं की तुम्ही जो पत्ता सांगताय, त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. पत्ता बघा. दुसरं काही नाही. पण पत्ता सोडून लोक बाकी सगळं बघतात.

तर झालं असं की काकूंचे थोरले भाऊ राहायला आले. छापखान्यात आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलेला माणूस. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढायच्या. निवृत्त झाले तरी डोळे निवृत्त झाले नव्हते. औषधाच्या बाटलीवरचं वाचून चुका काढायचे. दंतवैद्याच्या पाटीवर पेनाने वेलांटी सुधारून आले होते, त्यावरून तिथे बोलाचालीही झाली. ताई त्यांना तोंडावर मामा म्हणायची आणि मागे उकारमामा. त्यांना ते माहीत होतं आणि मला वाटतं आवडतही होतं.

दिवसभर घरात बसून मामा उदास व्हायला लागले. ताईच्या लक्षात आलं. तिने ब्लॉगचा पासवर्ड दिला आणि म्हणाली, "मामा, शुद्धलेखनावर जरा नजर टाकाल का? मी घाईत लिहिते."

"घाईत लिहिलेलं दिसतंच आहे," मामा म्हणाले, पण खुर्ची ओढून बसले ते उठलेच नाहीत. चष्मा पुसून पुसून एकेक लेख वाचायचे. पुटपुटायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, सगळीकडे दुरूस्ती? रला दुसरा उकार?"

"मग काय असतं?"

"पहिला. रला पहिला उकार. दुरुस्ती. ज्या कामावर घर चाललं तो शब्द तरी नीट लिहा."

खरं होतं त्यांचं. रु आणि रू, फरक केवढा, तर शेपटाएवढा. ताईने पहिल्या लेखापासून दुसरा उकार लिहिला होता आणि कोणालाही तो खुपला नव्हता. मामांना खुपला. त्यांनी सगळ्या लेखांतला तो सुधारला. तिथपर्यंत ठीक होतं. मग त्यांना प्रत्येक लेखाच्या खाली एक छोटी चौकट दिसली. त्यात लेखाचा पत्ता असतो: सुई-मोडणे-दुरूस्ती, धागा-गुंतणे-दुरूस्ती, असा. तिथेही तोच उकार. मामांनी तिथेही तो पुसला आणि पहिला घातला, बाकीच्या बारीकसारीक चुकाही काढल्या. शांतपणे, एकेक करून. पत्ता हा पत्ता असतो, शब्द नसतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चूक दिसली की काढायची एवढंच त्यांना माहीत होतं.

आमच्या ब्लॉगचं सॉफ्टवेअरही माझ्याच वयाचं. पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर "इकडे गेलेत" अशी पाटी लावावी, एवढी अक्कल त्याला नाही. नव्या सॉफ्टवेअरला असते म्हणतात.

मग मामा माझ्यापर्यंत पोहोचले. माझं वाक्य वाचून त्यांनी नाक वर केलं. "पान सापडलं नाही, पण काका सापडतील? या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय?" असं म्हणून त्यांनी माझं सगळं खोडलं, अंगठा काढला, फोन नंबर काढला आणि लिहिलं: "पृष्ठ आढळले नाही."

संध्याकाळी काकूंना म्हणाले, "झालं. आता शोधूनही दुसरा उकार सापडायचा नाही."

"बरं झालं, दादा," काकू म्हणाल्या. "किती दिवसांनी इतके खूश दिसताय."

आणि मित्रांनो, तिथून माझे हाल सुरू झाले.

कारण वर्षानुवर्षं लोकांनी त्या लिंका एकमेकांना पाठवल्या होत्या. बहिणीने बहिणीला, शिंप्याने शिंप्याला. त्या सगळ्या दुसऱ्या उकाराच्या. दुसरे ब्लॉगवाले काकांची लिंक द्यायचे, तीही दुसऱ्या उकाराची. शोधयंत्रालाही तेच पत्ते पाठ. लोक त्या पत्त्यावर यायचे आणि मला धडकायचे. पूर्वी आठवड्यात एखादा चुकलामाकला यायचा, आता रांग लागली. एक माणूस अर्ध्या बाहीचं कापड सुईखाली अडकलेलं घेऊन बसला होता. एका हाताने कापड धरलेलं, दुसऱ्या हाताने मोबाइल. मी आलो. त्याने परत लिंक दाबली. मी परत आलो. त्याने तिसऱ्यांदा दाबली. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबा, रला पहिला उकार घाल. पण मी काय बोललो? "पृष्ठ आढळले नाही." त्याने मोबाइल पालथा ठेवला.

असे किती. आणि प्रत्येकाला हे एकच थंड वाक्य सांगायचं. थकलो मी. बोलून माणूस थकतो, पण एकच वाक्य बोलून जास्त थकतो.

सुरुवातीला एकाने फोन केला होता, ते खोटं कशाला सांगू. "काका, तुमचं पान उघडत नाही." काकांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडला, पहिल्या पानावरून लेखावर टिचकी मारली, लेख उघडला. "उघडतंय की. तुमच्या नेटचा प्रॉब्लेम असेल." आता पहिल्या पानावरून उघडणारच, तिथल्या लिंका आपोआप नव्या झाल्या होत्या. दुकानाच्या आतून जाणाऱ्याला काय कळणार की बाहेरचा रस्ता खोदलाय? "माझ्याकडे तर चालतंय" या वाक्याचा मला जेवढा संताप येतो तेवढा कोणाच्या शिव्यांचाही येत नाही.

ताईने तरी बिचारीने प्रयत्न केला. कॅशे आत्याला रिकामं केलं. नेटचा डबा बंद करून चालू केला. मग ब्लॉगला जोडलेलं एकेक काढून बघायला लागली, तर तो पांढराफटक भाऊ आला आणि तिचाही रंग उडाला. घाबरून तिने सगळं परत जोडलं. लेख उघडत होते. ती म्हणाली, "इथून तरी सगळं ठीक आहे." मी शेजारच्याच टॅबमध्ये होतो. एवढाच जवळ.

त्यानंतर फोन आला नाही. कोणी कळवलंच नाही. आले, धडकले, गेले. आणि काका रोज दुपारी ताईजवळ येऊन विचारायचे, "काही आलंय का?" ताई म्हणायची नाही. मग ते मोबाइल हातात धरून बसायचे. कोणाचाच आवाज नाही. मोबाइल त्यांच्या हातात नुसता थरथरायचा.

आता तुम्हाला ते भांडण कळलं असेल. संध्याकाळी ब्लॉग काढून टाकायचा, असं ठरवून काका बाकावर पाठ करून बसले होते. ताई कॉम्प्युटरसमोर बसली होती. तेवढ्यात एक बाई आत आली. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत मशीनचं डोकं, वजनाने बाई एका बाजूला कलली होती. आली ती सरळ काकांकडे.

"मशीनवाले काका आहेत का हयात?"

काकांनी मान वळवली. "थोडाफार."

"तुम्हीच?" तिने पिशवी धाडकन बाकावर ठेवली. "मग असं का लिहून ठेवलंय? आढळले नाही, आढळले नाही. मला वाटलं तुम्ही गेलात. कपडे शिवते मी, तुमच्या भरवशावर मशीन चालवते. म्हटलं, निदान घरच्यांना भेटून येऊ."

"मी कुठे जातोय?" काका म्हणाले. "कोण म्हणतं आढळलो नाही?"

"हे काय." तिने मोबाइल पुढे केला आणि तिच्या स्क्रीनवर मी.

ताई उठली. "अहो, पण इथे उघडतंय. हे बघा, सुई मोडण्याचाच लेख."

"तुमच्याकडे उघडतंय, मग माझ्याकडे का नाही? माझा मोबाइल तुमच्यावर रुसलाय?"

"लिंक अर्धवट आली असेल."

"माझ्या बहिणीने पाठवलेली आहे. आधी शंभरदा उघडलीय. सुई मोडली की तीच उघडते मी. लिंक तीच, मोबाइल तोच, बाईसुद्धा तीच आहे. बदललं असेल तर तुमच्याकडे."

ताईचं तोंड उघडं राहिलं. हेच वाक्य इतके दिवस कोणी बोललं नव्हतं. ती बाईच्या मोबाइलवरचा आणि कॉम्प्युटरवरचा पत्ता ताडून बघायला लागली, पण मोबाइलवर अक्षर बारीक आणि तिची नजर सरकत जात होती. मला घाम फुटायचा बाकी होता.

त्याच वेळी जेवणाचा डबा घेऊन मामा आले.

"मामा, जरा बघा हो," ताई म्हणाली. "हे दोन पत्ते सारखे आहेत ना?"

मामांनी डबा ठेवला, चष्मा पुसला. "असं नाही बघायचं. डोळा फसतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. आम्ही छापखान्यात तसंच करायचो. बाई, तुम्ही वाचा. अक्षरन् अक्षर. काना, वेलांटी, उकार, सगळं बोला."

ती बाई मोबाइल नाकाजवळ धरून वाचायला लागली. मामा मोठ्या स्क्रीनवर बोट ठेवून.

"सला पहिला उकार. दुसरी ई."

"हं."

"आडवी रेघ. मला मात्रा. ड. ण, त्याला मात्रा."

"मला काना-मात्रा असेल."

"हो हो, तेच, मो. आडवी रेघ. दला पहिला उकार. रला दुसरा उकार."

मामांचं बोट थांबलं.

"परत वाचा."

"रला दुसरा उकार."

"माझ्याकडे पहिला आहे," मामा म्हणाले. आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर वाटलं, तो पांढराफटक भाऊच आला. "ही चूक होती. मी काढली. पत्त्यातलीही काढली. सगळ्या लेखांच्या पत्त्यातली."

ताई खुर्चीत बसली. मला वाटलं, आता काका फुटणार. मघापासून धुमसत होते. ते बाकावरून उठले, स्क्रीनजवळ आले आणि मामांकडे न बघता ताईला विचारलं, "म्हणजे लोक येत होते?"

"येतच असणार, बाबा. येऊन परत जात असणार."

"येत होते," काका परत म्हणाले. प्रश्न नव्हता तो. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"दाजी, माझी चूक झाली," मामा म्हणाले.

"चूक कसली, दादा? तुम्ही दुरुस्तीच केलीत. दुरुस्तीतच मशीन जास्त बिघडतं, मला विचारा." काकांना हसू आलं. किती दिवसांनी ते दुकानात ऐकू आलं.

ताईने सांगितलं की दोन उपाय आहेत. एक, सगळ्या पत्त्यांत परत दुसरा उकार घालायचा. मामांनी कानावर हात ठेवले. दुसरा, नवे पत्ते राहू द्यायचे, पण प्रत्येक जुन्या पत्त्यावर पाटी लावायची, की इथून इकडे जा. त्यासाठी मात्र जुना पत्ता होता तसा, चुकीसकट, टाइप करावा लागतो. एक रेघ इकडची तिकडे झाली तर पाटीचा उपयोग नाही.

"जुने पत्ते आता आठवणार कसे?" ताई म्हणाली. "उकाराचं ठीक आहे, पण मी आणखी कुठे कुठे काय काय घोळ घातले होते कोणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "मी काढलेली चूक मला पाठ असते. ऊठ, बसू दे मला."

आणि बसले. आयुष्यभर चुका काढलेला माणूस एकेक चूक परत लिहायला लागला. पहिल्या पत्त्याला त्यांचं बोट त्या उकारावर जाऊन थांबलं.

"हात जात नाही गं."

"माझे हात तर थरथरतात," काका मागून म्हणाले. "चालवा, दादा."

त्यांनी टाइप केलं. दुरूस्ती. दुसरा उकार. मग पुढचं. तेलला दोन मात्रा दिल्या होत्यास तू, असं ताईला ऐकवत, बॉबिनला दीर्घ वेलांटी कशाला हवी होती, असं पुटपुटत. पण लिहीत गेले. ताई शेजारी उभी राहून प्रत्येक पाटी लागली का ते बाईच्या मोबाइलवर तपासत होती. पहिली लिंक दाबली तेव्हा मी सवयीने पुढे झालो, आणि माझ्या अंगावरून सरळ निघून ती थेट लेखावर पोहोचली. काकूंचा अंगठा दिसला. बाई म्हणाली, "हा, हेच ते." मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त बसावंसं वाटलं.

इकडे काकांनी तिचं मशीन बाकावर बसवायला लावलं. "चालवा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून ऐकायला लागले. मामांच्या टाइप करण्याचा आवाज येत होता तर म्हणाले, "दादा, क्षणभर." मामा थांबले. मशीन खडखडलं.

"सुई वाकडी नाही. सुईखालची पट्टी सरकलीय, सुई तिच्यावर आपटते. ताई, इकडे ये. मी सांगतो तसं फिरव."

ताईने फिरवलं. मशीनचा आवाज गुळगुळीत झाला. त्या बाईने कापड न घालताच मशीन थोडा वेळ चालवलं, उगाच.

सगळ्यात शेवटी मामांनी मला उघडलं. माझं "पृष्ठ आढळले नाही" पुसलं आणि ताईचं जुनं वाक्य शब्दन् शब्द लिहिलं. तेही पाठ होतं त्यांना. फोन नंबर घातला, अंगठ्याचा फोटो लावला. "दोन वाक्यांचा संबंध आहे," म्हणाले. "आत्ता कळला. पण 'सापडलं नाही'नंतर पूर्णविराम मी देणार."

संध्याकाळी काकूंनी येऊन दिवा लावला तेव्हा ताईच्या समोर एक प्रश्न आला होता. कोणीतरी लिहिलं होतं, "काका, लेख परत दिसायला लागले. कुठे होतात? माझा खालचा धागा गुंततोय."

ताईने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "बाबा, कुलूप लावायच्या आधी काहीतरी काढून टाकायचं होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. आणि परत विचारायचं नाही असंही म्हणाला होतात."

"मग विचारतेस कशाला? त्याला लिही, आवाज पाठव म्हणावं."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मी समोर आलो की "च्च" करून निघून जाऊ नका. आधी पत्ता बघा, एखादा उकार, एखादी रेघ इकडची तिकडे झालेली असते. पत्ता बरोबर असेल तर ज्याचं पान आहे त्याला कळवा. एक फोन करा, दोन शब्द लिहा. त्याला माहीतच नसतं हो. तो आत बसून वाट बघत असतो आणि त्याला वाटतं, जग आपल्याला विसरलं. इतके लोक मला धडकले आणि त्यातली एक बाई तेवढी पिशवी उचलून सांगायला आली. ती आली नसती तर…

थांबा. कोणीतरी लिंक दाबलीय. पत्ता बघतो तर काय, एक पाटी मामांच्याही हातून राहिलीय. या वेळी मला सांगायला काहीतरी आहे. चला, मला निघायला हवं.